क्वीनच्या 'हॉट स्पेस'ला इतकी नावं का ठेवतात?

अर्धा_सूर

मंडळी, क्वीन या ब्रिटिश रॉक बँडवर इथे आधी बरेच धागे येऊन गेलेत. ते सगळे 'बोहेमियन ऱ्हाप्सडी', लाइव्ह एडचा कार्यक्रम आणि गायक फ्रेडी मर्क्युरीचा आवाज यांच्याभोवतीच फिरले. मला बोलायचंय 'हॉट स्पेस'बद्दल. मे १९८२, बँडचा दहावा स्टुडिओ अल्बम. क्वीनच्या चाहत्यांना सगळ्यात वाईट अल्बम कुठला असं विचारलं की बहुतेक जण पटकन याचंच नाव घेतात.

मला हा अल्बम मनापासून आवडतो. शेवटचं 'अंडर प्रेशर' सगळ्यांनाच आवडतं, त्यात विशेष काही नाही. मी बोलतेय रेकॉर्डच्या पहिल्या बाजूबद्दल, जिला सगळे शिव्या घालतात: 'स्टेइंग पॉवर', 'डान्सर', 'बॅक चॅट', 'बॉडी लँग्वेज', 'अ‍ॅक्शन धिस डे'. सत्तरच्या दशकात जो बँड अल्बमच्या वेष्टनावर अभिमानाने छापायचा की आम्ही सिंथेसायझर वापरलेला नाही, तोच बँड इथे सिंथ, ड्रम मशीन आणि ब्रास (ट्रम्पेटसारखी फुंकून वाजवायची वाद्यं) घेऊन नाचायला उतरलाय. गिटारचे थरावर थर चढवून आवाजाची भिंत उभी करणं ही त्यांची खासियत होती. ती बाजूला ठेवून त्यांनी गाण्यांत मोकळी जागा सोडली. अल्बमच्या नावातली 'स्पेस' मला तिथे ऐकू येते.

माझा प्रश्न असा: तुम्हाला हा अल्बम आवडत नसेल, तर गाणी म्हणून आवडत नाही की 'क्वीनने असं करायला नको होतं' म्हणून आवडत नाही? या दोन वेगळ्या तक्रारी आहेत आणि लोक त्या एकत्र करतात असं मला वाटतं.

मेटलमामा

गाणी म्हणूनच आवडत नाहीत. ब्रायन मेसारखा गिटारवाला घरात असताना 'बॉडी लँग्वेज'मध्ये गिटार शोधावी लागते. मिसळ मागवली आणि तर्रीच नाही!

शंभर_नंबरी

मामा, तर्री दुसऱ्या बाजूला वेगळ्या वाटीत दिलीय. 'पुट आउट द फायर' ऐका.

मेटलमामा

ऐकलंय. त्या एका गाण्यासाठी अख्खा अल्बम घ्यायचा का? आणि तेही मेच्या उत्तम गाण्यांपैकी नाही. बंदुकांविरुद्ध आहे, हेतू चांगला आहे, पण चाल साधारण.

चौथी_तार

मी बेस वाजवतो, त्यामुळे या अल्बमशी माझं नातं थोडं वेगळं आहे. जरा सविस्तर लिहितो.

सर्वसाधारण समज असा की बेसवाल्या जॉन डीकनने क्वीनला डिस्कोच्या नादाला लावलं. १९८० च्या 'द गेम' अल्बममधलं 'अनदर वन बाइट्स द डस्ट' त्याचं. त्यावर शिक या बँडच्या 'गुड टाइम्स'चा प्रभाव उघड ऐकू येतो. ते गाणं अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं आणि मग बँडला वाटलं की हीच वाट धरावी. इथवर बरोबर. पण 'हॉट स्पेस' नीट ऐका. 'स्टेइंग पॉवर' आणि 'बॉडी लँग्वेज'मध्ये बेस गिटार नाहीच, तो सिंथवर वाजवलेला बेस आहे आणि तो वाजवलाय फ्रेडीने. 'डान्सर'मधला सिंथ बेस मेचा. म्हणजे ज्या अल्बमचं खापर डीकनवर फोडतात, त्याच अल्बमच्या पहिल्या बाजूला त्याची बेस गिटार सगळ्यात कमी ऐकू येते.

डीकन खरा दिसतो तो 'बॅक चॅट'मध्ये. गाणं त्याचं, बेस त्याचा आणि ती कापून काढल्यासारखी ताल धरणारी गिटारही त्याचीच. या गाण्यात गिटारचा सोलो असावा की नसावा यावरून त्याचं आणि मेचं वाजलं होतं. शेवटी सोलो आला. मला तो सोलो फार आवडतो, कारण त्यात चिडचिड आहे आणि गाणंही भांडणाबद्दलच आहे.

मेटलमामा, तुमची तक्रार गिटार कमी असल्याची आहे. पण गिटार कमी झाल्यावर लय कुणाच्या खांद्यावर येते ते ऐकण्यातच या अल्बमची मजा आहे. माझं गाऱ्हाणं उलट आहे. टेलरसारखा ड्रमवाला हाताशी असताना त्याच्या जागी ड्रम मशीन लावलं ते खटकतं. 'अ‍ॅक्शन धिस डे' तर खुद्द टेलरचं गाणं, आणि त्याचा ठेका मशीनने वाजवल्यासारखा सरळसोट जातो. हा प्रयोग कमी पडला तो ठेक्यात.

अर्धा_सूर

चौथी_तार, ठेक्याबद्दल अंशतः सहमत. पण 'बॉडी लँग्वेज'ला तो थंड, न हलणारा ठेकाच हवा. तिथे जिवंत ड्रम असते तर गाणं सैल पडलं असतं.

इझारकाठची

म्युनिकमधून लिहितेय, म्हणून राहवत नाही. या अल्बमचं काम दोन ठिकाणी झालं: स्वित्झर्लंडमधल्या माँत्रोचा माउंटन स्टुडिओ आणि म्युनिकचा म्युझिकलँड. म्युझिकलँड होता अराबेलाहाउस नावाच्या प्रचंड इमारतीच्या तळघरात. तो सुरू केला डिस्कोचा निर्माता जॉर्जियो मोरोडरने, आणि गायिका डोना समरचं 'आय फील लव्ह' तिथलंच. म्हणजे यंत्रांच्या ठेक्यावर नाचण्याचं संगीत ज्या खोलीत आकाराला आलं, त्याच खोलीत क्वीन जाऊन बसले. त्याच तळघरात लेड झेपलिनने १९७५ मध्ये 'प्रेझेन्स' केला आणि डीप पर्पलनेही ध्वनिमुद्रण केलं. त्या स्टुडिओत रॉक आणि डिस्को एकाच दाराने ये-जा करत होते. भांडण बाहेर, श्रोत्यांमध्ये होतं.

क्वीनसोबत निर्माता म्हणून राइनहोल्ड माक होता, तोही म्युझिकलँडचाच माणूस. फ्रेडी तेव्हा म्युनिकच्या रात्रींमध्ये पुरता रमला होता. क्लबमध्ये जे वाजायचं ते त्याला स्वतःच्या रेकॉर्डवर हवं होतं. 'बॉडी लँग्वेज' ऐकताना मला ते स्पष्ट जाणवतं. ते गाणं घरी बसून ऐकायचं नाहीच. खाली अंधार, मोठे स्पीकर आणि माणसांची गर्दी पाहिजे.

एक गंमत: 'डान्सर'च्या शेवटी फोनवर जो जर्मन आवाज येतो तो हॉटेलचा, सकाळी उठवण्याचा निरोप आहे. माझ्या इथल्या मैत्रिणी ते ऐकून हमखास हसतात.

शंभर_नंबरी

म्हणजे रात्रभर नाचले आणि सकाळी हॉटेलने उठवलं. अल्बमची सगळी कथा त्या निरोपात आली.

निवांत_नाना

तेव्हा मी मुंबईत कॉलेजात होतो. आमचा पाचसहा जणांचा कंपू होता: पर्पल, झेपलिन, फ्लॉइड, क्वीन. काळा घोड्याच्या ऱ्हिदम हाउसमध्ये जाऊन रेकॉर्डी चाळायच्या आणि ज्याला परवडेल त्याने घ्यायची, बाकीच्यांनी त्यावरून कॅसेट भरून घ्यायची. 'हॉट स्पेस' आमच्यापर्यंत एका मित्राच्या आखाती देशातल्या भावाकडून कॅसेटवर आला.

आता त्या वेळचं वातावरण लक्षात घ्या. १९८० ला 'कुर्बानी'मधलं 'आप जैसा कोई' येऊन गेलेलं, १९८१ ला 'डिस्को दीवाने'. नाझिया हसनचा आवाज आणि बिद्दूचं संगीत गल्लोगल्ली, गणपतीच्या मांडवांत, लग्नांत. १९८२ च्या शेवटी 'डिस्को डान्सर' आला. सगळा देश डिस्कोवर नाचत होता आणि आमचा कंपू नाक मुरडत होता. आम्ही 'वेगळं' ऐकतो हाच आमचा तोरा. त्यात क्वीननेही डिस्को केला म्हटल्यावर एक जण चक्क रुसला. कॅसेटची पहिली बाजू तो लावूच देईना. 'लाइफ इज रिअल'पासून सुरुवात करायची असा नियम झाला.

ते गाणं मात्र आम्ही सगळे गप्प बसून ऐकायचो. बीटल्सच्या जॉन लेननची हत्या डिसेंबर १९८० ची, ती बातमी ताजी होती. फ्रेडीने ते लेननवर, त्याच्याच ढंगात, पियानोवर, कसलाही भपका न करता लिहिलंय. आजही मला ते या अल्बममधलं सगळ्यात प्रामाणिक गाणं वाटतं.

अर्धा_सूर, तुमच्या प्रश्नाला आमच्या कंपूपुरतं उत्तर: गाणी आम्ही ऐकलीच नव्हती. तक्रार दुसरीच होती.

टेबललँड

नाना, लग्नांतल्या आणि मांडवांतल्या नाचावरून आठवलं. मी पाचगणीचा. फ्रेडी आमच्या गावच्या सेंट पीटर्स शाळेत शिकला हे आता सगळ्यांना माहीत आहे, पण तिथला त्याचा बँड विसरला जातो. 'द हेक्टिक्स'. पाच शाळकरी पोरं, फ्रेडी पियानोवर. क्लिफ रिचर्ड, लिटल रिचर्ड असली रॉक अँड रोलची गाणी शाळेच्या कार्यक्रमांत वाजवायचे. १९६३ मध्ये तो झांझिबारला परत गेला आणि पुढच्या वर्षी कुटुंबासह इंग्लंडला.

म्हणजे या माणसाची सुरुवातच मुलामुलींना नाचवणाऱ्या पियानोवर झाली. गिटारच्या भिंती, ऑपेरा, सहा मिनिटांची गाणी हे सगळं नंतरचं. 'हॉट स्पेस'मध्ये तो स्वतःपासून दूर गेला असं लोक म्हणतात, मला ते पटत नाही.

मेटलमामा

टेबललँड, मुद्दा गोड आहे, पण लिटल रिचर्ड आणि ड्रम मशीन यांच्यात जमीनअस्मानाचा फरक आहे. लिटल रिचर्ड ऐकताना घाम दिसतो. 'स्टेइंग पॉवर'मध्ये तो दिसत नाही.

टेबललँड

'स्टेइंग पॉवर'मधला फ्रेडीचा आवाज ऐका मग. घामच घाम आहे.

मिशिगनचा_बाळू

अमेरिकेत काय झालं हे सांगितल्याशिवाय हा धागा पुरा होणार नाही. १२ जुलै १९७९, शिकागोचं कोमिस्की पार्क, बेसबॉलचे दोन सामने लागोपाठ. एका रेडिओ स्टेशनने टूम काढली: डिस्कोची एक रेकॉर्ड आणा आणि ९८ सेंटमध्ये आत या. दोन सामन्यांच्या मधल्या वेळात मैदानावर त्या रेकॉर्डी स्फोटाने उडवल्या. लोक मैदानात घुसले, नासधूस झाली, दुसरा सामना होऊच शकला नाही. तो पाहुण्या डेट्रॉइट टायगर्सना बहाल झाला, म्हणून आमच्याकडचे जुने लोक अजून तो किस्सा सांगतात.

ती नुसती संगीताची नावड नव्हती. डिस्को हे कृष्णवर्णीयांचं, लॅटिनो लोकांचं आणि समलिंगी क्लबांमधून वर आलेलं संगीत. रॉक रेडिओच्या गोऱ्या तरुण श्रोत्यांचा राग कुणावर होता हे ओळखायला फार हुशारी लागत नाही. आता त्याच श्रोत्यांसमोर १९८२ मध्ये मिशीवाला, आखूड केसांचा फ्रेडी 'बॉडी लँग्वेज' घेऊन आला. त्या गाण्याचा व्हिडिओही अंगप्रदर्शनामुळे एमटीव्हीला चालला नाही. गाणं इथे ११ व्या क्रमांकापर्यंत गेलं, अल्बम मात्र २२ वर अडकला. त्या वर्षीचा अमेरिकेचा दौरा हा फ्रेडीबरोबरचा शेवटचा ठरला.

त्यामुळे अर्धा_सूर यांची शंका रास्त आहे. इथली तक्रार गाण्यांपेक्षा 'तुम्ही कोणाच्या बाजूला गेलात' याची होती.

अर्धा_सूर

बाळू, फार महत्त्वाचं लिहिलंत. धन्यवाद.

पण मग मला एक कोडं पडतं. रोलिंग स्टोन्सचं 'मिस यू' १९७८ चं, सरळ डिस्कोचा ठेका, अमेरिकेत पहिला क्रमांक. पिंक फ्लॉइडच्या 'अनदर ब्रिक इन द वॉल'च्या दुसऱ्या भागाचा ठेकाही डिस्कोचाच. किस या बँडनेही तेच केलं. त्यांना कुणी वाळीत टाकलं नाही. मग क्वीनलाच का?

चौथी_तार

कारण त्या सगळ्यांनी एखादं गाणं केलं. क्वीनने अख्खी बाजू केली, आणि तीही पहिली. रेकॉर्ड लावली की वीसेक मिनिटं सुटका नाही.

इझारकाठची

शिवाय फ्लॉइडच्या गाण्यात गिटारचा मोठा सोलो येतो आणि रॉकवाल्यांचं समाधान होतं. 'बॉडी लँग्वेज' तसा दिलासा देत नाही.

सहाव्या_रांगेतून

मी क्वीनवरच्या २०१८ च्या चित्रपटानंतर क्वीन ऐकायला लागले, त्यामुळे मला कुठलं आधी, कुठलं नंतर हे माहीतच नव्हतं. यादीत गाणी उलटसुलट यायची. 'कूल कॅट' मला फार आधी भेटलं आणि ते क्वीनचं आहे हे कळायला वेळ लागला. इतकं अलगद, आळसावलेलं. फ्रेडी अख्खं गाणं वरच्या पट्टीत, कुजबुजल्यासारखं गातो. माझ्या वयाच्या मुलामुलींना 'स्टेइंग पॉवर'मध्ये धक्कादायक काहीच वाटत नाही.

चौथी_तार

'कूल कॅट'वर जवळजवळ सगळी वाद्यं डीकनची आहेत. आणि त्यात आधी ब्रिटिश गायक डेव्हिड बोवीचाही आवाज होता. त्याला स्वतःचं काम पसंत पडलं नाही, म्हणून त्याच्या सांगण्यावरून तो काढला.

निवांत_नाना

अवांतर: उत्तरार्धात असा प्रयोग केलेले बाकीचे बँडही बघायला हवेत. झेपलिनचा 'इन थ्रू द आउट डोर', १९७९. आब्बाच्या स्टॉकहोममधल्या पोलर स्टुडिओत केलेला. गिटारवाला पेज मागे आणि जॉन पॉल जोन्सचा भलामोठा यामाहा सिंथेसायझर पुढे. 'कॅरूसेलाम्ब्रा' दहा मिनिटं चालतं. त्यालाही तेव्हा शिव्या पडल्या. पण त्यांचा बँड पुढच्याच वर्षी ड्रमवाल्या बॉनमच्या मृत्यूने थांबला, म्हणून लोक आता त्या अल्बमकडे मायेने बघतात.

मेटलमामा

नाना, 'कॅरूसेलाम्ब्रा'चं नाव घेऊ नका, मला तेही झेपत नाही. पण त्यात बॉनम ड्रम वाजवतोय! निदान माणूस आहे.

शंभर_नंबरी

मामांना सिंथ दिसला की मामा माडीवर जाऊन दार लावून घेतात.

ढगफुटी

कुणी 'थ्रिलर'चा उल्लेख कसा केला नाही? मायकल जॅक्सनला 'हॉट स्पेस' आवडला होता आणि तोच धागा 'थ्रिलर'मध्ये गेला. हे बँडमधूनच सांगितलं गेलंय.

चौथी_तार

ओळख होती, ये-जा होती, 'अनदर वन बाइट्स द डस्ट' सिंगल (एका गाण्याची सुटी रेकॉर्ड) म्हणून काढा हे जॅक्सननेच सुचवलं असं बँड सांगतो. पण 'थ्रिलर' समजायला 'हॉट स्पेस'ची गरज नाही. जॅक्सन आणि त्याचा निर्माता क्विन्सी जोन्स यांनी १९७९ लाच 'ऑफ द वॉल' केला होता. त्यात ही सगळी विद्या आधीच आहे, आणि क्वीनपेक्षा सफाईने. अल्बमला मोठं करण्यासाठी दुसऱ्याचा टेकू कशाला?

'स्टेइंग पॉवर'ची ब्रासची मांडणी मात्र अस्सल माणसाकडून आलीय. आरिफ मार्दिन. बी जीज या बँडला 'जाइव्ह टॉकिन' या डिस्को गाण्यापर्यंत आणणारा निर्माता तोच. ब्रास कुठे घुसतो आणि कुठे गप्प बसतो एवढंच लक्ष देऊन एकदा ऐका.

इझारकाठची

दुसऱ्या बाजूबद्दल कुणी बोलत नाहीये. 'लास पालाब्रास दे आमोर' मेने लिहिलं ते १९८१ च्या दक्षिण अमेरिकेच्या दौऱ्यानंतर. ब्वेनोस आइरेस, साव पावलो, भरगच्च स्टेडियम. आणि ते बाहेर आलं तेव्हा ब्रिटन आणि अर्जेंटिना यांच्यात फॉकलंडचं युद्ध चालू होतं. ब्रिटिश बँड, स्पॅनिश शब्दांत प्रेमाचं गाणं, त्या महिन्यांत. मला ते गाणं एरवी थोडं गोडमिट्ट वाटतं, पण हे माहीत झाल्यापासून मी ते वेगळ्या मनाने ऐकते.

ढगफुटी

आणि 'अंडर प्रेशर'? त्याबद्दल एक ओळ तरी!

चौथी_तार

एक ओळ पुरणार नाही. बेसवर दोनच सूर आहेत. षड्जावर ठोके आणि शेवटी खालचा पंचम. आपल्याकडचा कुणीही नवशिका पहिल्या आठवड्यात वाजवेल. पण त्या ठोक्यांच्या मधली थांबायची जागा बघा. माँत्रोत बोवी स्टुडिओत आला, सगळे मिळून वाजवत बसले आणि त्यातून हे उभं राहिलं. मला ते 'हॉट स्पेस'चं खरं बीज वाटतं: कमी सूर, भरपूर जागा, मधेच चुटकी, मग आवाज चढत जातो. ऑक्टोबर १९८१ ला सिंगल म्हणून आलं, ब्रिटनमध्ये पहिलं. म्हणजे सात महिने आधी याच विचाराला लोकांनी डोक्यावर घेतलं होतं.

मिशिगनचा_बाळू

ज्यांना रेकॉर्ड रुचत नाही त्यांनी इंग्लंडमधल्या मिल्टन कीन्स बोलचा क्वीनचा कार्यक्रम बघावा, ५ जून १९८२, २००४ मध्ये रीतसर प्रकाशित झालाय. 'स्टेइंग पॉवर'च्या आधी फ्रेडी प्रेक्षकांना चक्क समजावतो की आम्ही रॉक सोडलेलं नाही, एका रेकॉर्डवरून लोक उगाच एवढे पेटतात. आणि मग जे वाजवतात! ब्रास नाही, त्याची जागा मेच्या गिटारने घेतलीय, टेलर खऱ्या ड्रमवर, डीकन चक्क ताल धरणाऱ्या गिटारवर, बेस कीबोर्डवरून. 'बॅक चॅट' तर रेकॉर्डपेक्षा दुप्पट दमदार.

मेटलमामा

बाळू, आत्ताच बघून आलो. 'स्टेइंग पॉवर' तिथे जबरदस्त आहे, मान्य. पण मग माझाच मुद्दा सिद्ध होतो ना? खरे ड्रम आणि मेची गिटार आली आणि गाणं उभं राहिलं. रेकॉर्डवर हेच करायला काय हरकत होती?

अर्धा_सूर

मामा, तुमच्या या प्रश्नाने मला माझं उत्तर सापडलं.

गाणी चांगली आहेत हे आता तुम्हीही म्हणताय, निदान एका गाण्याबद्दल. म्हणजे अडचण सुरांची नाही. डिस्को करायला गेले हीही अडचण नाही, इझारकाठची आणि टेबललँड यांनी ते पुरेसं दाखवून दिलंय. मला वाटतं अडचण ही, की चौघांपैकी दोघांनाच तिकडे जायचं होतं. फ्रेडी आणि डीकन पुढे ओढतायत, मे आणि टेलर मागे बघतायत. म्हणून दुसरी बाजू सुरू होताच 'पुट आउट द फायर' येऊन माफी मागितल्यासारखं रॉक वाजवतं. वेष्टनावरही चार रंगांचे चार चौकोन आणि प्रत्येकात एकेक चेहरा. दोन वर्षांनी 'द वर्क्स'मध्ये त्यांनी सिंथ आणि गिटार एकत्र नांदवले, सगळे खूश झाले. मला मात्र तो अल्बम सावध वाटतो. 'हॉट स्पेस'मध्ये जो धोका आहे तो पुन्हा त्यांनी पत्करला नाही, आणि मला त्याची हळहळ वाटते. मला दोन्ही बाजू 'बॉडी लँग्वेज'इतक्या निडर हव्या होत्या.

मेटलमामा

दोन्ही बाजू?! देवा. पण मुद्दा नीट मांडलात. मी 'द वर्क्स'वाला, मला 'हॅमर टु फॉल' द्या.

निवांत_नाना

मी तर आज पहिली बाजू सलग ऐकली. 'अ‍ॅक्शन धिस डे' सोडून सगळी आवडली. रुसलेल्या मित्रालाही दुवा पाठवलाय, तो अजून बधत नाही.

सहाव्या_रांगेतून

नाना, त्यांना 'कूल कॅट'पासून सुरू करायला सांगा.

चौथी_तार

किंवा 'बॅक चॅट'चं सिंगलसाठी केलेलं रूप पाठवा. त्यात तालवाद्यं वाढवलीत, अल्बमपेक्षा जास्त खेळतं. ठेक्याबद्दलची माझी तक्रार तिथे बरीचशी मिटते.